चार सेकंद आधी

तिने पेनाचं टोपण काढलं आणि सही न करताच परत लावलं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

विभागप्रमुख बाईंच्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी होते, एक तिचा आणि एक मुनीचा. मुनी तिच्याच बॅचचा. दिवसभरात दहा वाक्यंही बोलत नसे, म्हणून ते नाव पडलेलं. अकरा दिवसांनी तीन माणसांना घेऊन अवकाशकुपी परत यायची होती. ती वातावरणात कोणत्या कोनात शिरेल, कुठे कूस बदलेल म्हणजे एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला कलेल, कुठे उतरेल, हे दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत, एकमेकांना न विचारता काढायचं अशी पद्धत होती. एकाची चूक दुसऱ्याच्या उत्तराने उघडी पडावी म्हणून.

एरवी दोन उत्तरांत पाच-सात किलोमीटरचा फरक येई आणि त्यावर दोन दिवस भांडण चाले. आज फरक होता तीनशे चाळीस मीटर.

"तुमचं दोघांचं गुळपीठ आहे की काय?" बाई हसल्या. "करा सह्या. आज तरी चहा गरम मिळेल."

मुनीची सही झाली होती.

"उद्या करते," ती म्हणाली.

बाईंचं हसू आवरलं. तिचे वडील जाऊन दीड महिना झाला होता. हल्ली तिला कुणी कशाची घाई करत नसे.

खोलीत येऊन तिने मुनीचा कागद ओळीओळीने वाचला. सातव्या ओळीवर बोट थांबलं. पहिल्यांदा कूस बदलायची, ती गणिताने येणाऱ्या वेळेच्या चार सेकंद आधी.

हे चार सेकंद कुठल्याही पुस्तकात नव्हते. ते बाबांचे होते. तीस वर्षं याच इमारतीत त्यांनी हेच काम केलं, आणि ते चार सेकंद तिला शिकवले जेवणाच्या टेबलावर, पालथी वाटी हातात कलती करून. "घाईने नाही गं, आधी. दोन्हींत फरक आहे."

हे सगळं टिपलेली त्यांची निळी वही ते गेल्यापासून सापडत नव्हती. कपाट, माळा, दवाखान्यातून परत आलेली पिशवी, सगळं तिने पालथं घातलं होतं. आई म्हणाली होती, "असेल कुठेतरी," आणि घडी घातलेले कपडे मोडून पुन्हा घड्या घालत बसली होती. तेव्हा तिने ते दुःखाच्या खाती टाकलं. आता वाटलं, कुठेतरी पाणी मुरत होतं. बाबा गेले त्या दिवशी मुनीही दारातूनच परत गेला होता, तिच्याकडे न बघता.

मुनीच्या खोलीचं दार उघडं होतं.

"वही कुठाय?"

कसली वही, असं त्याने विचारलं नाही. खालचा खण ओढून त्याने निळी वही टेबलावर ठेवली.

"चोरलीस?"

"सरांनी दिली. दर गुरुवारी दुपारी तुमच्या घरी जायचो मी. तू इथे असायचीस."

"आणि आई?"

"काकूच दार उघडायच्या."

मुनीने पुढे केलेल्या खुर्चीत ती बसली नाही. "मला का नाही दिली त्यांनी?"

"म्हणाले, ती माझे चार सेकंद डोळे मिटून घेईल. ते जुन्या, जड कुपीचे आहेत. या हलक्या कुपीला चालतात की नाही, मी तपासलेलं नाही. वही ठेव, उघडू नकोस. तिला तिचं काढू दे."

"आणि तू उघडलीस."

"उघडली." त्याने मान खाली घातली. "वाटलं, वहीच नाही म्हटल्यावर तू ते घेणार नाहीस. फरक येईल, आपण भांडू, भांडणात कळेल काय खरं ते."

"मला पाठ होते रे ते."

बाहेर कुणीतरी हसत हसत जिना उतरून गेलं.

"सही का केलीस मग?" तिने विचारलं. "तीनशे चाळीस मीटर बघून तुला कळलं नाही?"

"कळलं. पण सांगायचं तर वहीचंही सांगावं लागलं असतं."

"तीन माणसं आहेत आत, मुनी."

"म्हणून तर दार उघडं ठेवून बसलो होतो."

वही तिने तिथेच राहू दिली. ती बाईंच्या खोलीत गेली तेव्हा बाई निघायच्या तयारीत होत्या. पर्स खांद्याला लावता लावता थांबल्या.

"आमची उत्तरं दोन नाहीत, बाई," ती म्हणाली. "एकच आहे. आणि ते काढणारा माणूस आता नाही."

बाईंनी पर्स हळूच खाली ठेवली. दोन्ही कागद पुन्हा समोर ओढले.

"किती दिवस हवेत?"

"तीन."

खोलीत येऊन तिने मशीनवर आपल्या गणिताच्या सातव्या ओळीतला चारचा आकडा काढला आणि शून्य टाकलं. आधीची किंमत पुसली जाईल, पुढे जायचं का, असं मशीनने विचारलं. तिने 'हो' दाबलं. मशीनने पुन्हा विचारलं नाही.

थोड्या वेळाने पडद्यावर कुपीच्या वाटेची नवी रेषा उमटली. तिच्यात ओळखीचं काहीच नव्हतं. तिने खुर्ची पुढे ओढली आणि ती सुरुवातीपासून तपासायला घेतली.