मोबाईलच्या गोफातले काळे मणी

ताटात एकशे बासष्ट मणी होते: काळे एकशे वीस, पांढरे छत्तीस, लाल सहा. शिवाय नायलॉनचा दोरा, सुई आणि पितळेची एक कडी. रुपालीने ते दोनदा मोजले, कारण नगरच्या दुकानदाराने मोजूनच पाठवले होते.

१९९९ साल होते. नगरात मोबाईल नवे होते. हातातून निसटू नये म्हणून मोबाईलच्या पाकिटाला मण्यांचा गोफ अडकवण्याची हौस निघाली होती. नमुना पसंत पडला, तर पुढचे सगळे गोफ राहुरीत, रुपालीच्या घरी करून घ्यायचे असे दुकानदाराने कळवले होते. नवरा गेल्यापासून सासूने, मालनबाईंनी, तिला ना शेतावर जाऊ दिले, ना बाजारात. उंबऱ्याच्या आत बसून करता येईल असे हे एकच काम तिच्यापर्यंत आले होते.

दुपारी गोफ पुरा होत आला. शेवटची गाठ तेवढी राहिली होती. मालनबाई सुपारी कातरत ओसरीवर आल्या आणि थांबल्या.

“काय गं हे? काळं मनी?”

“मोबाईलला लावायचा गोफ हाय, आत्याबाई. गळ्यात घालायचा न्हाई.”

“तुझ्या हातात काळं मनी शोभत्यात व्हय? माझ्या लेकीच्या कुंकवाला काही झालं म्हंजी?”

रुपाली पुढे काही बोलायच्या आत अडकित्ता चालला. गोफाचे दोन्ही पदर तुटले. मणी शहाबादी फरशीवर उधळले, फटींत गेले, काही थेट मोरीत.

तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. नमुना न्यायला दुकानदाराचा माणूस बन्सी आला होता.

“ताई, झालं का? मालक आजच मागत्यात. न्हाईतर भिंगारच्या बाया हायेतच म्हनले.”

रुपालीने मोकळा दोरा वर धरून दाखवला. बन्सीने फरशीकडे पाहिले, मग मालनबाईंकडे.

“मी तरी काय करू, ताई?” असे म्हणून तो गेला. काम भिंगारला गेले. रुपाली रडली नाही. ती गुडघ्यांवर बसून मणी वेचू लागली. दुसरे करण्यासारखे काही नव्हतेच.

शेजारच्या गीताबाई, बालवाडीच्या निवृत्त शिक्षिका, टेम्पोचा आवाज ऐकून आल्या. त्यांनी फरशीवरचे मणी पाहिले आणि काय झाले ते रुपालीकडून ऐकून घेतले.

“मालनबाई, तुमच्या लेकीचं मंगळसूत्र कुनी गाठवलं?”

“आसारामनं. बाजारतळावर बसतो ना, त्यो.”

“त्याची बायको हाय?”

“कवाच गेली बिचारी.”

“बायको गेलेल्या मानसानं गाठवलेलं मंगळसूत्र लेकीच्या गळ्यात चाललं. जावई ठनठनीत हाय. मंग ह्या पोरीच्या हातानं काय बिघडनार हुतं?”

“त्यो पुरुष हाय, गीताबाई.”

“तेच म्हनते मी.”

मालनबाई स्वतःही विधवा. नवरा गेला त्या दिवशी भावकीतल्या बायकांनी त्यांच्या गळ्यातले काळे मणी तोडले होते. कशासाठी, हे त्यांनी तेव्हा विचारले नव्हते, आणि नंतर काळ्या मण्याला बोटही लावले नव्हते.

मग त्या फरशीवर टेकल्या. बोट ओले करून त्यांनी फटीतला एक काळा मणी उचलला.

“गेलेलं काम आता येनार न्हाई,” त्या म्हणाल्या. “माझ्यानं झालं हे.”

“व्हय,” रुपाली म्हणाली.

“सुईत दोरा घालून दे. मला दिसत न्हाई.”

वाचकहो, रूढी आपल्या घरात भीतीच्या आडून शिरते, आणि आपल्याला जशी मिळाली तशीच ती आपण सुनेच्या ओटीत टाकतो. जी रीत पुरुषाला मोकळीक देते आणि त्याच गोष्टीसाठी बाईला शिक्षा करते, ती अन्यायाची आहे. ती आपल्या हातून मोडेपर्यंत कुणाच्या तरी तोंडचा घास गेलेला असतो. म्हणून उशीर करू नये.

दिवेलागणीला रुपालीने सापडलेल्या मण्यांच्या नव्या गोफाला मोजपट्टी लावली. साडेनऊ सेंटिमीटर भरला. त्यातले दोन सेंटिमीटर मालनबाईंनी ओवले होते.