फळ्याच्या रंगाची मोटार

मी एक जुनी विलायती मोटार आहे. नेरूळच्या खाडीकडच्या एका गावात, धर्मराजच्या पडवीत उभी असते. मित्रांनो, आज मला पाहून तुम्ही नाक मुरडाल. पण एके काळी मी मुंबईत एका डॉक्टरांकडे होते. गर्द हिरवा रंग आणि अशी झळाळी, की डॉक्टरीणबाई माझ्या दारात बघून केस नीट करायच्या. मला त्याचा माजही होता. मग त्यांनी नवी गाडी घेतली आणि मी रस्त्याकडेला गंजत राहिले.

धर्मराजची शेतं नव्या शहरात गेली. त्याच जमिनीवर शाळा झाली आणि तो तिथेच शिपाई झाला. घंटा द्यायची, पाणी भरायचं, मे महिन्यात फळे रंगवायचे. त्याला स्वतःला अक्षर येत नव्हतं. त्याची लेक गोजरा मात्र सातवीपर्यंत शिकली होती. गोजरा रंगाने काळी, म्हणून दोन स्थळं परत गेली होती. तिसरं जमलं, तेव्हा तिने घरच्या मोटारीतून सासरी जावं या हौसेने त्याने मला आणलं.

लग्न आठ दिवसांवर आलं तेव्हा गावातल्या एका रंगाऱ्याने माझ्यावरून हात फिरवला.

"चकचकीत रंग मारशील तर एकेक खड्डा दिसेल. आधी खड्ड्यांत लांबी भरायची, मग घासायचं. तुला परवडनार नाय."

"मंग बिनचमकीचा मारतो. शालेत फल्याचा रंग उरलाय. तो सगला लपवतं."

दोघांनी रंगाचे दोन हात मारले. माझे पोचे खरोखरच लपले. झळाळीही गेली, पण धर्मराज खूश होता.

लग्नाच्या सकाळी त्याला आठवलं, की कॉलनीतल्या लोकांच्या मोटारीवर नवरा-नवरीची नावं असतात. समोरून शाळेची चार मुलं येत होती. त्यांत वैशाली होती. तिला सुंदर अक्षराचं बक्षीस मिळालं होतं. धर्मराजने खिशातला खडू तिच्या हातात दिला.

"माज्या पोरीचा नाव लिव गो. गोजरा. आनि नवऱ्याचा नाव नामा."

मुलं एकमेकांत कुजबुजली. वैशाली आधी नाही म्हणाली, मग हसली आणि माझ्या दारावर वळणदार अक्षरात तिने लिहिलं: 'नवरी गाडीहून काळी.'

"झ्याक अक्षर!" धर्मराज म्हणाला आणि त्याने चौघांना लाडू दिले. त्यांनी ते खाल्लेही.

लग्न लागलं. गोजरा माझ्यापाशी आली, तिने दारावरचं वाचलं आणि ती थबकली.

"काय लिवलंय गो? नीट हाय ना?" बापाने विचारलं.

तिने त्याच्या नव्या सदऱ्याकडे पाहिलं. "नावां लिवलीन, बाबा. चांगली लिवलीन."

नवरदेवानेही वाचलं. तो फिसकन हसला, आणि ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. सगळ्यांना नावं दिसावीत म्हणून धर्मराजने मला अख्ख्या गावातून सावकाश फिरवलं. ज्यांना वाचता येत होतं, त्यांनी तोंडाला पदर लावले. मला त्या दिवशी बंद पडायचं होतं. मेलं इंजिन नेमकं छान चाललं.

दिवाळीला गोजरा माहेरी आली ती ओलं फडकं घेऊनच माझ्यापाशी. धर्मराजने तिचा हात धरला.

"पुसू नको गो. तुजा नाव हाय. तू नसतेस तवा मी हेच बघतो."

तिने फडकं पिळलं आणि ती घरात गेली.

मित्रांनो, मला तेलपाणी नको, नवा रंगही नको. पण वाचता येणारं तुमच्यापैकी कुणी या पडवीवरून गेलंच, तर धर्मराज शाळेत असताना या. त्याला काही सांगू नका. मला पुसा, आणि तिथे त्या पोरीचं नाव लिहा.