मंगळावरचा टोप

नाथाजींच्या परसात मेथी भिजत पडली की गावाला कळायचं, यात्रा जवळ आली. कागदाच्या लगद्यात वाटलेली मेथी घातली की त्याला कीड लागत नाही, आणि नाथाजी वर्षातून एकदा, चैत्रात, लगद्याची सोंगं करत. एरवी ते रहिमतपूरच्या बाजूचे साधे ऊसवाले शेतकरी. पण यात्रेच्या दिवशी बैलगाडीवर सोंग घालून उभे राहिले की तेच नरसिंह, तेच रावण. गाडीमागे गाडी लागून सोंगं देवळापर्यंत जात, आणि नाथाजींची गाडी बघायला लोक आसपासच्या गावांहून चालत येत.

त्या वर्षी, लढाई संपून दोनेक वर्षं झाली होती तेव्हा, परसात राक्षस वाळत नव्हता. एक घागर उपडी घातली होती आणि तिच्यावर वाळत होता नुसता गोळा. त्याला ना नाक होतं, ना दाढा.

सांगलीहून आलेली अंजना अजून पिशवी खाली ठेवत होती, तोवर आत्याने सुरुवात केली. "बघ तुझ्या बाचं. गाव इचारतंय औंदा कोन हाय, तर म्हनतोय मंगळावरचा मानूस. आगं, भोपळा दिसतोय भोपळा!"

"बये, तू गप ऱ्हा," आबा उन्हातूनच म्हणाले. नाथाजींना अंजना आबा म्हणे. "अंजे, हिकडं ये. खांद्यापासनं उंची बरुबर हाय का बघ. तू बी बघितलाय न्हवं त्यो."

अंजनाने बघितला होता. किंबहुना हे सगळं तिच्यामुळेच झालं होतं. माघात आबा खोकत खोकत सांगलीला तिच्या खोलीवर आले होते. ती तिथल्या मुलींच्या शाळेत शिकवत असे. मिरजेच्या दवाखान्यात त्यांच्या छातीचा एक्स-रे फोटो काढला आणि तो हातात पडेपर्यंत म्हाताऱ्याचं मन रमावं म्हणून तिने त्यांना तंबूतल्या सिनेमाला नेलं. चित्रपट इंग्रजी होता. त्याचं नाव दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. अग्निबाणात बसून काही माणसं मंगळावर जातात आणि त्यांचा पुढारी डोक्यावर गोल टोप घालून तिथल्या खडकांतून हिंडतो, एवढंच कळलं. आबा पुढे, पोरांच्या रांगेत, जमिनीवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी ते एकटेच पुन्हा गेले. हातातली काठी डोळ्यासमोर धरून टोपाची उंची आणि खांद्याची रुंदी मोजू लागले, तेव्हा मागून ओरडा झाला, "ओ बाबा, काठी खाली! का मंगळावर ढोरं हाकताय?" आबांनी नखाने काठीवर खूण केली आणि मगच ती खाली घेतली.

रात्री जेवताना त्यांनी विचारलं होतं, "त्या मानसानं तोंड का गं झाकून घेतलंय?"

"तिथं हवा नाही, आबा. इथली हवा आत कोंडून नेतो तो."

"म्हंजे नेली तेवढीच."

"तेवढीच."

आबा बराच वेळ भाकरी चुरत राहिले होते. डॉक्टरांनी अंजनाला बाजूला घेऊन जे सांगितलं होतं, ते तिने आबांना सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. यात्रा झाली की फोटो घेऊन मिरजेला दाखल व्हायचं, एवढंच ठरलं होतं. सोंग या वर्षी राहू द्या, असं म्हणायला ती सुट्टीच्या आधीच निघून आली होती.

पण परसात उन्हाला बसलेल्या आबांना ते कसं म्हणायचं, तिला सुचेना. ती त्यांच्यासमोर बसली आणि लहानपणासारखी चिंचोक्याची खळ ढवळू लागली. लगदा तिनेच पाठवलेल्या रद्दीचा होता. लढाईची सगळी वर्तमानपत्रं शिजून त्यांचा करडा गोळा झाला होता. आबा तो थापत, ओल्या तळव्याने गुळगुळीत करत, पुन्हा काठीवरची खूण बघत. रावणाची दाढ बोटभर इकडेतिकडे झाली तरी त्यांना चालायचं. रावण कुणी पाहिलाय? हा मात्र त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. तो जसा होता तसाच व्हायला हवा होता.

गोळा खडखडीत वाळल्यावर आतली घागर फोडायची वेळ आली. आत्याने त्यांना उंबऱ्याच्या आत ती फोडू दिली नाही. "घरात मडकं फोडत न्हाईत," एवढंच म्हणाली आणि तोंड फिरवलं. आबा आंब्याखाली गेले. त्यांनी खापऱ्या एकेक करून बाहेर काढल्या. मग गळ्याशी चाळणीचं कडं बसवलं, वर सायकलच्या तारांची दोन वेटोळी आणि सगळीकडून चंदेरी बेगड चिकटवली. टोप झळाळला. चेहऱ्यासमोर कापलेल्या खिडकीला तेवढी काच नव्हती.

दुसऱ्या दिवशी अंजना पाण्याला गेली होती. परत आली तेव्हा आबा घमेल्यात हात घालून काहीतरी चोळत होते. कढत पाणी, धुण्याचा सोडा आणि त्यात एक निळसर पट्टी. पाण्यावर काळा तवंग आला होता.

तिने घागर खाली ठेवली. "आबा. तो फोटो आहे."

"व्हय."

"दवाखान्यात दाखवायचा होता."

"डॉक्टरनं एकदा बघितलाय की. छाती काय दुसरी उगवती?"

"विचारायचं तरी होतं मला."

"कुनाला इचारायचं? छाती माझीच हाय न्हवं त्यात?" ते हसले, हसता हसता खोकले आणि ओल्या हाताने भिंत धरून उभे राहिले. "कंदिलाची काच लावून बघितली, पोरी. लय आखूड पडती. ही बघ कशी वाकती."

अंजना आत जाऊन चुलीपुढे बसली. फोटो पुन्हा काढता आला असता, आणि पुढे काढलाही. त्याने काही निराळं झालं नाही. पण हे आज, आबा नसताना म्हणता येतं. त्या दिवशी तिला एवढंच वाटलं, की हा माणूस मिरजेला येणार नाही हे त्याने आपल्याला सोड्याच्या पाण्यात धुऊन दाखवलं.

यात्रेच्या दिवशी दुपार कलल्यावर गुंडा गाडी घेऊन दारात आला. गुंडा आबांचा लहानपणापासूनचा सवंगडी. त्याचे बैल आणि आबांचं सोंग अशी जोडी कधी तुटली नव्हती. त्याच्या थोरल्या लेकाने लढाईवरून आणलेला जाड लष्करी कोट आबांनी अंगात घातला, कमरेला पट्टा आवळला आणि टोप डोक्यावर घेतला.

तो खरोखर तोच होता.

मग आतली पट्टी धुरकटली. आबांचे हात हवेत काहीतरी शोधू लागले. अंजनाने धावत जाऊन टोप वर ओढला. आबा जोत्यावर बसले, ओठ काळेनिळे, छाती भात्यासारखी चाललेली. आत्या पदराने वारा घालत होती आणि टोपाला, सिनेमाला, सांगलीला शिव्या देत होती.

अंजनाने टोप आतून चाचपला. सोंगाला श्वासाची भोकं आधी पाडायची आणि मग डोळे कोरायचे, हे आबांनीच तिला शिकवलं होतं. ह्याला एकही भोक नव्हतं.

"इळा आनतो," गुंडा म्हणाला. "नाकाखाली दोन भोकं पाडू, हाय काय आन न्हाई काय."

"न्हाई." आबांनी हात आडवा केला.

"आरं, का पर?"

"तिथं हवा न्हाई, गुंडा. भोक पाडलं तर त्यो मरंल की."

"आन न्हाई पाडलं तर तू मरशील, त्याचं काय रं?"

गुंडाने मुंडासं उतरवलं आणि टोप स्वतःच डोक्यात घालून बघितला. तो कानांवरच अडकला. ओढून काढताना गुंडा असा ओरडला, की आत्यालाही हसू फुटलं. आबा मात्र हसले नाहीत. मांडीवर टोप घेऊन ते बेगडीवरची सुरकुती अंगठ्याने सपाट करत होते. रस्त्यावरून पहिल्या गाडीच्या हलगीचा आवाज आला.

"गेलं हे साल," ते हळूच म्हणाले. मग आणखी हळू, "अंजे, म्या माझं एक बी सोंग कवा बघितलं न्हाई. आतनं काय दिसतंय? दोन भोकं आन बैलाची पाठ. म्हनलं, ह्याला मोठी खिडकी हाय. निदान लोक बघत्यात ते तरी दिसंल."

अंजना उठली. तिने आबांच्या अंगातून तो कोट काढला आणि लुगड्यावरून स्वतः घातला. कोट तिला घोट्यापर्यंत आला.

"काय करतीस?" गुंडा दचकला. "बाईमानूस सोंगाच्या गाडीवर? गाव हसंल, आगं!"

"आत कोण आहे ते दिसायचं नाही, गुंडाकाका."

"पर रीत..."

"मंगळावर बाया न्हाईत व्हय?" आत्या मधेच कडाडली. "का तिथं बी तुझ्यावानी नुसती खोंडंच?"

गुंडाने आबांकडे पाहिलं. आबांनी अंजनाकडे पाहिलं. मग ते काठी टेकून उठले, टोप दोन्ही हातांनी उचलला आणि तिच्या डोक्यावर बसवला. "श्वास दमानं घे," ते म्हणाले. "लय हलू नगं. नवख्या गावात आल्याला मानूस आदी उभाच ऱ्हातो."

आत मेथीचा आणि चिंचोक्याचा वास होता, आणि स्वतःचा श्वास कुणी दुसराच घेत असल्यासारखा मोठा ऐकू येत होता. पट्टी पुरती धुतली गेली नव्हती. तिच्यात फासळ्यांच्या पुसट सावल्या राहिल्या होत्या, आणि अंजनाला गाव, बत्त्या, गुलाल सगळं त्या सावल्यांमधून दिसत होतं.

दिवस मावळत होता. गाडी वळणावर आली आणि गर्दी ओरडायची थांबली. हा कोण, ते कुणालाच उमगेना.

"कोन देव म्हनायचा ह्यो?" कुणीतरी विचारलं.

"देव न्हाई. मंगळावरचा हाय," गाडीच्या कडेने चालणारे आबा म्हणाले.

ते ऐकून एक म्हातारी पुढे घुसली. तिने चाकावर पाण्याची धार धरली, कुंकू लावलं आणि वर बघून हात जोडले. "मंगळाचा हायस व्हय रं बाबा? आमच्या अर्जुनाच्या लेकीला मंगळ हाय. दोन वर्सं झाली, ठरंना. तिच्या पत्रिकेतनं वाईच सरकून बस की!"

लोक हसले. टोपाच्या आत अंजनालाही हसू आलं आणि पट्टी धुरकटली. आबांनी मात्र गंभीरपणे मान हलवली. "सांगतो त्येला," ते म्हणाले.

पट्टी निवळली तेव्हा आबा कडेला नव्हते. ते बैलांच्या पुढे, रस्त्याच्या मधोमध उभे होते, काठीवर दोन्ही हात ठेवून, मान मागे टाकून. गाडी पुढे आली तसे एक पाऊल मागे सरले. आणखी एक सरले. जत्रेला आलेल्या कुठल्याही माणसासारखे तोंड उघडं टाकून ते वर बघत होते आणि देवळाच्या दिशेने उलटे चालत होते.

"आरं ए म्हाताऱ्या," गुंडा ओरडला, "सर बाजूला! बैलाखाली येशील!"

"यीत न्हाई," आबा म्हणाले. त्यांना दम लागला होता आणि नजर वरून हलत नव्हती. "जरा हळू हाक, गड्या. माझं आजून बघून झालं न्हाई."