बांधातली पाल

देवपूरच्या कॉलेजात हितेंद्र सरांच्या हाताखाली नाजमीन पालींवर पीएच.डी. करत होती. शिरपूरच्या वरच्या डोंगरात, एका शेताच्या दगडी बांधात सापडलेली इवलीशी पाल तिने सरांच्या टेबलावर ठेवली. सरांनी भिंगातून पाहिलं आणि ते म्हणाले, "पिल्लू आहे. घरातल्या पालीचंच."

"नाही सर. हिच्या पाठीवर बारीक खवल्यांमधून मोठ्या, कंगोरेदार खवल्यांच्या रांगा आहेत. घरपालीला अशा नसतात."

"पिल्लांचे खवले फसवतात. कोणीही तुला पहिलं हेच विचारेल. ही पूर्ण वाढलेली आहे, हे दाखव. मग बोलू."

सरांचं म्हणणं रास्त होतं, म्हणून ती रागावली नाही. पण ते चुकताहेत, याबद्दल तिला शंका नव्हती. पुढच्याच रविवारी शिरपूरहून जीप पकडून ती पुन्हा त्या शेतावर पोचली. शेत भिकुबाईंचं होतं. त्या विळ्याने तूर सोंगत होत्या.

"काय धुंडी राहिनी वं माय?" त्यांनी विचारलं.

"पाल, अक्का."

"पाल?" त्यांनी हाताने सगळा बांध दाखवला. "बठ्ठा बांधमा पालीच पाली शेतस. टोपलंभर ली जाय!"

दुपारपर्यंत तिने एकेक दगड उचलून पाहिला आणि जसाच्या तसा परत ठेवला. पाली दिसत, फटीत पळत. शेवटी एक हाती लागली, पहिलीएवढीच, बोटभर. नाजमीनने ती पारदर्शक पिशवीत घेऊन उन्हाकडे धरली. पोटाच्या पातळ कातडीतून दोन पांढरी, गोल अंडी स्वच्छ दिसत होती.

तिला हसूच आलं. अंडी घालायला निघालेलं पिल्लू! तिने भराभर फोटो काढले आणि पालीला तिच्या दगडाखाली सोडून दिलं.

फोटो बघून सर खुर्चीतून उठलेच. "मी चुकलो. नाजमीन, ही नवी प्रजाती आहे! खानदेशची पाल!" संध्याकाळपर्यंत त्यांनी एका वार्ताहराला फोनही केला.

"थांबा सर," ती म्हणाली. "घरपाल नाही, एवढंच कळलंय. कोण आहे, ते अजून कळायचंय."

सरांना दाखवलेली पहिली पाल घेऊन ती मुंबईला गेली. तिथल्या संग्रहालयात अशाच खवल्यांची, शंभर वर्षांपूर्वीची एक पाल बरणीत होती. रंग पार उडालेला, पण खवले शाबूत होते. नाजमीनने दिवसभर दोघींच्या पाठी, बोटांखालच्या पट्ट्या, मांडीखालची छिद्रं ताडून पाहिली. सगळं जुळलं. क्षणभर तिला वाईट वाटलं. नाव ठेवायचा मान गेला होता. मग तिने सरांना फोन लावला.

"नवी नाही, सर. हिला नाव आहे. फक्त तेव्हापासून कोणी जिवंत पाहिल्याची नोंद नाही."

"खात्री आहे?"

"आहे."

"मग वार्ताहराला काय सांगू?"

"हेच. हरवलेली पाल सापडली म्हणून सांगा."

बातमी आतल्या पानावर आली. तिचं नाव बरोबर होतं, सरांचंही. फोटो मात्र कुठल्यातरी कुंपणावरच्या सरड्याचा होता. नाजमीनने हातातला चहा खाली ठेवला आणि तिथल्या तिथे वर्तमानपत्राच्या कार्यालयात फोन केला.

"तुम्ही सरडा छापलाय," ती म्हणाली. "माझ्याकडे पालीचा फोटो आहे. उद्या तो छापा."