चाकातली आत्ती

धैर्यशीलच्या गाडीच्या पुढच्या डाव्या ब्रेक-डिस्कवर त्याच्या आत्तीचं घर चिकटलं होतं. कौलं, पडवी, म्हशीचा गोठा आणि आत खुद्द शेवंताआत्ती, सगळं त्या ताटाएवढ्या लोखंडी चकतीवर.

झालं असं. गाडी लाल, सेकंडहँड, पण पळायची. तिला त्यानं शर्यतीच्या गाड्यांचे, डिस्कला आवळून धरणारे कडक ब्रेक-पॅड बसवले. स्वतःच, व्हिडिओ बघून. असे पॅड आधी तापवून मुरवावे लागतात. गाडी भरधाव सोडायची, करकचून ब्रेक दाबायचा, पुन्हा सोडायची. नियम एकच, पॅड गरम असताना पूर्ण थांबायचं नाही. थांबलं की डिस्कवर पॅडचा डाग धरतो. धैर्यशीलला हे पाठ होतं. पण पन्हाळ्याच्या रस्त्याला आत्ती दारातच उभी होती, कमरेवर हात ठेवून, आणि आत्तीच्या दारावरनं न थांबता जाईल असा माणूस त्यांच्या भावकीत जन्मला नव्हता. तो थांबला. पायही ब्रेकवरच ठेवला. निघाला तेव्हा आरशात घराच्या ठिकाणी नुसती मोकळी जागा दिसली, आणि पहिल्याच वळणावर चाक किंचाळलं.

लोकांना वाटायचं ब्रेक वाजतोय. धैर्यशीलला स्पष्ट ऐकू यायचं. "आरं हळूऽऽ, मुडद्या!"

चाकही काळं पडायला लागलं. सकाळी लखलखीत पुसावं, तर दुपारपर्यंत काजळी. आत्ती झाडायची ना. ब्रेक दाबला की तिच्या घरात भुकटी पडायची, आणि आत्ती पडली स्वच्छतेची भोक्ती. खराट्यानं सगळं बाहेर लोटायची.

"किती राख रं ही!" चाकाशी वाकलं की तिचा आवाज यायचा. "झाडून झाडून पाठ मोडली. आणि भिंती बघ कशा पातळ झाल्यात. म्हैस रवंथ करती ती चुलीपुढनं दिसतीया मला."

धैर्यशीलच्या ध्यानात आलं. म्हणजे घर झिजत होतं. तो ब्रेक दाबेल तसं. मग आत्तीही झिजत असणार. सातवीपर्यंत या बाईनं त्याला धरून न्हाऊ घातलं होतं, तो बोंबलत असताना.

तो उद्यमनगरात दस्तगीर मुजावरकडे गेला. शाळेपासूनचा दोस्त, स्वतःचं गॅरेज. दस्तगीरनं चाक काढलं, डिस्कवर बोट फिरवलं.

"घर हाय," तो म्हणाला.

"म्हाईत हाय रं."

"पॉलिश पेपर मारतो. आवाज बंद, धूळ बंद."

"आणि आत्ती?"

"आवाज बंद म्हटलं की."

धैर्यशीलनं त्याचा हात धरला. दस्तगीरनं पेपर खिशात घातला आणि डिस्कवर टकटक केलं. "आत्ती, मी मुजावराचा."

"वाळलास की रं," आतनं आवाज आला. "बायको जेवाय घालती का न्हाई?"

दस्तगीरनं घाईघाईनं चाक परत बसवलं. "पेपर न्हाई मारत बाबा. जिथं चिकटलं तिथंच सोडवाय लागंल. परत तापीव. तिच्या जागेवर आलास की दाब, पण थांबू नगंस. चाक फिरतंय तवर सुटंल. थांबलास तर असं चिकटंल, की मग माझ्याकडं येऊ नगंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी धैर्यशील निघाला. मोकळ्या जागेपाशी आला, ब्रेक दाबला. चाक किंचाळलं आणि गोठा सुटून आपल्या जागी पडला. म्हैस आत उभीच होती, तिनं रवंथही थांबवला नाही. तो साखर कारखान्याला वळसा घालून परत आला. या फेरीला पडवी सुटली. मग कौलं, एकावर एक, कुणी रचल्यासारखी.

रस्ता मात्र दर फेरीला आखडत होता. आधी कारखाना गायब झाला, मग ओढ्यावरचा पूल, मग शाळा. वळण घेतलं की लगेच आत्तीची जागा यायची. शेवटी तो नुसता घराभोवती फिरायला लागला. घर पुरं झालं होतं. दार उघडं, आत कुणी नाही.

"आत्ती, उतर."

"घाई काय हाय?"

"पातळ झालीस तू. पापुद्रा झालीस. उतर की!"

"आमच्या मालकांना, तुझ्या मामांना, मी जन्मभर म्हणत होते, मला समुद्र दावा. तू मालवणला गेलतास, तवा बघितला मी. चाकातनं." आवाज आता फार बारीक झाला होता. "घरात काय हाय? तू येतोस दिवाळीला, ते बी इंजिन चालू ठिवून."

"इंजिनातला टर्बोचा पंखा गार व्हावा लागतो, आत्ती. लगेच बंद करून चालत न्हाई."

"मी कुठं काय म्हणलं?"

घराभोवतीची वाटही संपली. गाडी पुढच्या दारातून आत शिरली, माजघरातून परसात, परसातून पुन्हा आत. चाकांतून धूर येत होता. धैर्यशीलला रडू फुटलं, आणि रडता रडताच त्यानं होता नव्हता तेवढा जोर लावून ब्रेक दाबला. गाडी रांगत्या पोराएवढी हळू झाली. थांबली नाही.

आत्ती उतरली. आधी उजवा पाय, मग डावा, लुगडं सावरत. अंगातून चूल दिसत होती, पण उभी राहिली तशी हळूहळू भरत गेली. तिनं हात झटकले, फडताळातून दूध काढलं, परातीत भाकरी कुस्करली. "बस," ती म्हणाली.

"थांबता येत न्हाई, आत्ती. पॅड गरम हायत."

"मग नगं थांबूस."

माजघराच्या भिंती जवळ आल्या. परस गेला, दार गेलं. आत्ती मधोमध मांडी घालून बसली, परात मांडीवर घेऊन, आणि गाडी तिच्याभोवती फिरायला लागली. खिडकी समोर आली की ती घास धरून हात वर करायची, आणि धैर्यशील तोंड उघडायचा. गाडीचं नाक आता गाडीच्याच शेपटाला टेकत होतं, आणि दर फेरीला घास जरा लवकर येत होता.