दहा बाटल्यांची दिव्यवाणी

रांग जिन्यावरून उतरून गल्लीच्या तोंडापर्यंत गेली होती. वर, दुसऱ्या मजल्यावर, घड्याळं दुरुस्त करणारे नाना बोलत होते. म्हणजे त्यांच्या तोंडून देव बोलत होता, असं रांगेचं म्हणणं.

पुरावा? घ्या.

किराणावाल्याचा प्रश्न: धंदा वाढेल का?
नाना: "झाकण... झाकण लाव. सात."
शेजारी बसलेल्या जलबाबांनी काढलेला अर्थ: सात तारखेपर्यंत दुकान बंद ठेव.

ठेवलं की शहाण्याने!

महिन्यापूर्वी नानांना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला होता. जलबाबा म्हणाले, "गाठ म्हणजे सुकलेलं दुःख! भिजवा, विरघळेल!" रोज त्यांनी मंत्रून दिलेल्या पाण्याच्या दहा बाटल्या. मीठ बंद, कारण मीठ हे गाठीचं खाणं. (हे बाबांना कुणी सांगितलं? गाठीनेच, बहुधा.) डॉक्टरही बंद. आठव्या दिवशी नानांना वाणी फुटली.

परगावच्या लॅबमध्ये रक्त तपासणारी त्यांची मुलगी धावत आली, तर रांग मोडली म्हणून जिन्यातच तिला झापलं गेलं.

"अहो, माझे वडील आहेत ते!"

"आता ते सगळ्यांचे आहेत," एक बाई म्हणाली.

नाना खुर्चीत होते. शेजारी ओकारीची बादली. मुलीने मनगटावरचं घड्याळ काढून त्यांच्या हातात दिलं. "नाना, किती वाजले?"

चाळीस वर्षं घड्याळं उघडणाऱ्या माणसाने ते उलटं धरलं, कानाला लावलं आणि चावून पाहिलं.

"काळाच्या पलीकडे गेले!" जलबाबा गरजले. रांग गहिवरली.

"दादा, उलट्या कधीपासून?" तिने खुर्चीमागे उभ्या भावाला विचारलं.

"चार दिवस झाले. बाबा म्हणतात, विष बाहेर पडतंय."

"अ‍ॅम्ब्युलन्स बोलाव."

"अगं, पण बाबांना विचारल्याशिवाय..."

"फिट येऊन नाना जातील. मग विचार सावकाश."

दादाने फोन काढला.

नमुना: रक्त.
सोडियम: ११२.
असायला हवं: १३५ ते १४५.

"असल्या काही कॅन्सरमध्ये," दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठच शरीराला चुकीचा निरोप देते, पाणी सोडू नकोस म्हणून. मूत्रपिंडं पाणी धरून ठेवतात. त्यात तुम्ही रोज दहा बाटल्या ओतल्या. रक्तातलं मीठ पातळ झालं, मेंदू सुजला. तुम्ही ज्याला वाणी म्हणत होतात ना, ती ही सूज."

"मग द्या ना भराभर मीठ!" दादा रडवेला झाला.

"भराभर दिलं तर मेंदूला कायमची इजा होते. थोडं थोडं द्यायचं, दर काही तासांनी तपासून. आणि पाणी मोजून."

११८. १२४. १२९ ला नानांनी चष्मा मागितला.

वॉर्डाबाहेर जलबाबा छाती पिटत होते. "मुलीने देव घालवला!"

"सलाईनला घाबरून पळाला का हो?" मुलगी म्हणाली. मागून नर्स फिस्सकन हसली.

नानांनी मात्र किराणावाल्याला आत बोलावलं. "अरे, मला माझं नाव आठवत नव्हतं, आणि तू मला धंदा विचारलास? जा, उघड दुकान!"

गाठ होती तिथेच होती. उपचार लागू पडतील का, हे छातीठोकपणे कुणी सांगितलं नाही; तिथे थापा मारायची सोय नव्हती. पण संमतीचा कागद नानांनी स्वतः वाचला, दोन प्रश्न विचारले आणि मगच सही केली.

घरातलं कॅन्सरचं माणूस अचानक असंबद्ध बोलू लागलं, तर त्याचा अर्थ लावत बसू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. रक्त तपासा.