न टोचलेल्या सुया

"खोट्या?" मी ओरडलोच. "माझ्या पाठीत खोट्या सुया टोचल्यात?"

"टोचल्याच नाहीत, तुळशीदासभाई," डॉक्टर तबस्सुम म्हणाल्या.

बाई हैदराबादच्या, शिकल्या लंडनला, आता कुवेतमध्ये पाठदुखीवर अभ्यास करतात. त्यांनी एक सुई माझ्या तळहातावर दाबली. टोक बोथट, आणि दाबताच सुई स्वतःच्याच दांड्यात सरकली. दशावतारी नाटकातल्या खंजिरासारखी!

माझं डोकंच फिरलं. मी इथल्या शुऐबा भागातल्या प्लांटवर पाइप फिटर. गेल्या वर्षी पाठ अशी धरली की मला बूट घालायला माझ्या खोलीत राहणारा बाळा लागायचा. फोरमनने सरळ ऐकवलं, पुन्हा आडवा झालास तर गावची वाट धर. म्हणून या चिनी सुयांना तयार झालो. बाईंनी आधीच सांगितलं होतं, काहींना खऱ्या, काहींना खोट्या, कुणाला काय ते शेवटी कळेल. खोट्या दुसऱ्या कुणाला असतील, असं मी धरूनच चाललो. आणि खैतान भागातल्या आमच्या खोलीवर जाऊन बाळ्याला काय काय सांगितलं, अरे देवा! सुई हाडापर्यंत जाते, आतून करंट उतरतो. शरमेने कान तापले.

"पण मी बरा झालो ना! काल वाकून व्हॉल्व्ह उचलला!"

"झालात. जर्मनीतल्या मोठ्या अभ्यासातही खऱ्या आणि लटक्या टोचणीने पाठीला जवळपास सारखाच आराम पडला, तोही नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त. पन्नास वर्षं तिकडचे डॉक्टर यावर भांडतायत. कुणी म्हणतं थोतांड. कुणी म्हणतं, आराम पडतोय ना, मग टोचा."

"मग माझी पाठ बरी कशाने झाली?"

"मला माहीत नाही."

एवढी शिकलेली बाई, आणि माहीत नाही! उद्यापासून दुरुस्तीसाठी प्लांटचं शटडाउन, दिवसभर वाकून काम.

"मग सांगितलंत कशाला, बाई? चाललं होतं ना माझं!"

"लपवणं बरोबर नाही. हवं तर आता खऱ्या टोचते."

"त्या खऱ्या आहेत, हे आता मी कसं मानू?"

त्यांनी ती खोटी सुई डबीत ठेवली. बाहेर पुढचा पेशंट खोळंबला होता.

मी खुर्चीचे हात घट्ट धरले. सकाळी जिना धावत चढून आलो होतो. आता उठायचं नुसतं मनात आलं आणि पाठ पुन्हा धरल्यासारखी वाटली.

"डॉक्टरबाई," मी म्हणालो, "जरा हात देता?"